पाऊस उघडल्यावर द्राक्षबागेत ब्लोअर कसा चालवावा: घडातलं पाणी बाहेर काढण्याची रीत

ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की तासाभरात शिवारभर ट्रॅक्टरचा आवाज सुरू होतो. जो तो ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेलं मोठ्या पंख्याचं फवारणी यंत्र, घेऊन बागेत शिरतो. चार दिवसांनी त्याच बागांमधून विचारणा होते, "ब्लोअर मारला होता, तरी घडात कूज कशी आली?" अशा बागेत जाऊन पाहिलं तर यंत्रात खोट क्वचितच सापडते. चूक असते ती वेळेत, वेगात आणि कोणत्या भागावर आधी हवा मारली त्या क्रमात. म्हणून हा लेख.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ब्लोअर बाग वाळवत नाही. वाळणं म्हणजे पाण्याची वाफ होणं. त्याला कोरडी हवा आणि ऊन लागतं, आणि पावसानंतरच्या दमट हवेत दोन्ही नसतात. ब्लोअरचं काम वेगळं आहे: पानावर, मण्यावर बसलेला थेंब ढकलत काठापर्यंत नेणं आणि तिथून खाली पाडणं. या ढकलण्याला एक उंबरठा असतो. वारा त्याच्या खाली राहिला, तर थेंब नुसता थरथरतो आणि जागेवरच राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

## पायरी १: अंगणात बसून अर्ध्या तासाचा प्रयोग

ही पायरी वगळू नका. बागेत काय घडतंय ते एकदा डोळ्यांनी दिसलं की बाकीचं सांगावं लागत नाही.

साहित्य: इन्सुलिनची ४० युनिटची सिरिंज, शीतपेयाची नळी, द्राक्षाची दोन ताजी पानं, एकमेकांना चिकटलेल्या मण्यांची एक पाकळी आणि गुळगुळीत फरशीचा तुकडा. मणी देठाने धरा. बोट लागलं की वरची लव, म्हणजे मण्यावरचा पांढुरका मेणासारखा थर, पुसली जाते आणि तिथे पाणी वेगळंच वागतं.

पान चिकटपट्टीने फरशीवर बसवा. सिरिंजमधून एक युनिट पाणी, म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग, सुई पानाला टेकवून सोडा. आता फरशी हळूहळू तिरपी करा आणि डोळा थेंबाच्या पातळीवर आणा. थेंब लगेच घसरत नाही. त्याची खालची बाजू फुगते, वरची बाजू चपटी होत ताणली जाते, पण बूड हलत नाही. आणखी तिरपं केल्यावर तो एकदम सुटतो. पानाने धरून ठेवण्याची ताकद या फुगण्या-ताणण्यातून येते. पुढच्या आणि मागच्या बाजूच्या कोनांत जितका फरक पडू शकतो, तितकी पकड घट्ट.

फरशी पुन्हा आडवी करा. नवा थेंब ठेवून नळीने आडवी फुंकर मारा, आधी हळू, मग जोरात. तेच दिसेल. वाऱ्यापलीकडची बाजू फुगेल, वाऱ्याकडची ताणली जाईल, थेंब थरथरेल आणि एका क्षणी सरकायला लागेल. एकदा सुटला की वाटेतले बारीक थेंब गिळत, मोठा होत तो पुढे जातो आणि मागे जवळजवळ कोरडी वाट सोडतो.

आता सुईच्या टोकाने अगदी बारीक, मोहरीपेक्षा लहान थेंब ठेवा आणि तितकीच जोरात फुंकर मारा. तो हलणार नाही. याला दोन कारणं आहेत. थेंब लहान होत गेला की वाऱ्याला ढकलायला मिळणारं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने कमी होतं, पण पकड फक्त व्यासाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे व्यास चौथाई झाला तर थेंब हलवायला साधारण दुप्पट वेगाचा वारा लागतो. दुसरं म्हणजे, पृष्ठभागाला लागून हवेचा एक मंद थर असतो. मोठा थेंब त्या थरातून डोकं वर काढतो, बारीक थेंब त्याच थरात दडून राहतो.

शेवटी पाकळी उलटी धरा आणि दोन मण्यांच्या खाचेत एक थेंब सोडा. पाणी दोन्ही मण्यांना धरून बसेल. फुंकर मारली तर ते वाऱ्यापलीकडच्या बाजूला सरकेल, थरथरेल, पण पडणार नाही. त्याच खाचेत आणखी दोन थेंब घाला. पाणी खाली फुगेल, आणि मग हलक्या फुंकरीनेही टपकेल.

लक्षात ठेवा: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. पानावरचा तीन-चार मिलिमीटरचा थेंब हलवायला वारा सेकंदाला साधारण १० मीटरच्या, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास लागतो. हा वेग घडाजवळ हवा. पंख्याच्या तोंडाशी किती आहे, याला फारसा अर्थ नाही.

## पायरी २: बाग आधीपासून तयार ठेवा

पाऊस आल्यावर ही कामं होत नाहीत.

घडासमोरच्या बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून आलेले फुटवे, काढा. घडावर चिकटलेली दोन-तीन पानं काढा. पण सगळा घड उघडा पाडू नका, पुढे उन्हाचा चटका बसतो. हवा घडापर्यंत पोचते की वाटेतल्या पानांत अडकते, हे या एका कामावर ठरतं. पानांची भिंत दाट असेल तर पहिलं पान मागच्या पानावर चिकटतं, पत्र्यासारखं बंद होतं आणि त्यामागे वारा जातच नाही.

विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी काढणं, वेळेवर करा. घट्ट घडात खाचा जास्त असतात, आणि खाचेतलं पाणी सगळ्यात चिवट असतं हे वर पाहिलंच. मोकळ्या घडातून हवा आरपार जाते. गच्च घडाला ती वळसा घालून निघून जाते. विरळणीचा खर्च टाळून ब्लोअरच्या डिझेलवर भरवसा ठेवणाऱ्या बागा मी दर हंगामात पाहतो आणि मला खरंच वाईट वाटतं. गच्च घडाच्या पोटातलं पाणी कुठल्याच ब्लोअरने निघत नाही.

ओळीतलं तण कापून ठेवा. पाडलेलं पाणी तणावर साठतं आणि दिवसभर तिथला दमटपणा वर येत राहतो.

स्प्रेडरबद्दल, म्हणजे फवारा पानावर पसरावा म्हणून औषधात मिसळतात त्या द्रावणाबद्दल, इथेच सांगतो. "पाणी लवकर घसरावं म्हणून स्प्रेडर मारून ठेवला" असं काही जण सांगतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. सिलिकॉनयुक्त स्प्रेडरने तो २०-२२ पर्यंत उतरतो. थेंब मग गोल राहत नाही, पसरून पातळ पापुद्रा होतो. पापुद्र्याला उंचीच नसते, त्यामुळे वारा त्यावरून निघून जातो. मोकळ्या पानावर हा पापुद्रा ऊन पडल्यावर लवकर सुकतो, ते खरं. पण घडात तेच पाणी देठाशी, खाचेखाचेत झिरपतं. पाणी झटकण्यासाठी म्हणून स्प्रेडर मारू नका. औषधाबरोबर लेबलप्रमाणे जितका लागतो तितकाच वापरा.

## पायरी ३: ब्लोअरची कोरड्या दिवशी तपासणी

फवारणीचा ब्लोअर नुसत्या हवेसाठी वापरताना दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली पंपाची. बहुतेक यंत्रांत पंप आणि पंखा एकाच पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, फिरतात. टाकी रिकामी ठेवून तासभर पंखा चालवला तर पंप कोरडा फिरून खराब होतो. पंप वेगळा करण्याची सोय नसेल तर टाकीत थोडं स्वच्छ पाणी ठेवा, नोझलचे कॉक बंद करा आणि पाणी टाकीतच फिरू द्या. टाकी आधी धुतलेली असावी.

दुसरी नोझलच्या गळतीची. कॉक बंद असतानाही झिजलेल्या रबरी पडद्यातून पाणी झिरपतं. ते थेंब-थेंब पाणी पंख्याच्या हवेत सापडून धुक्यासारखं घडावर बसतं. एका हंगामात मी स्वतः हे केलं. दोन ओळी पूर्ण झाल्यावर मागे जाऊन पाहिलं तर ब्लोअर फिरलेल्या ओळींतले मणी न फिरलेल्यांपेक्षा ओले होते, आणि थेंब सगळे बारीक, म्हणजे वाऱ्याने न निघणारे. चार नोझलचे पडदे गेले होते. तेव्हापासून मी आधी दहा मिनिटं यंत्र उभं ठेवून चालवतो आणि प्रत्येक नोझलसमोर कोरडा कागद धरतो. कागदावर डाग पडला तर पडदा बदलतो.

त्यानंतर पंख्याची जाळी पाहा. ओली पानं जाळीला चिकटली की हवा निम्मी होते, आणि आवाज मात्र तितकाच राहतो, त्यामुळे चालवणाऱ्याला कळत नाही.

आता फितीची चाचणी. जुन्या साडीच्या किनारीच्या किंवा प्लास्टिकच्या वीतभर फिती कापा. एका ओळीत तीन ठिकाणी बांधा: घडाच्या पुढे, घडाच्या मागे आणि माथ्यावरच्या पानांत. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवा (इंजिनच्या किती फेऱ्यांना ५४० मिळतात ते ट्रॅक्टरच्या मीटरवर खूण केलेलं असतं), पंख्याचा गिअर नेहमीचा ठेवा आणि ओळीतून जा. एक माणूस बाजूला उभा राहून पाहील. घडामागची फीत आडवी ताठ उभी राहिली पाहिजे. नुसती फडफडली तर हवा पोचते, पण जोर संपलेला आहे. मग तीन उपाय, याच क्रमाने: हवेच्या पट्ट्या (पंख्याच्या तोंडाशी झोताची दिशा वळवणारे पत्रे) घडाकडे वळवा, चाल कमी करा, आणि तरीही भागलं नाही तर पंखा वरच्या गिअरला टाका. बहुतेक जण तिसऱ्यापासून सुरुवात करतात.

तपासा: चालीचं माप सोपं आहे. ५० मीटर अंतर मोजून खुंट्या ठोका. ते अंतर एका मिनिटात कापलं तर चाल ताशी ३ किलोमीटर. पाणी झटकायला हीच चाल ठेवा. घाईत ताशी ६ ने गेलात तर घडावर झोत निम्मा वेळच राहतो. पंख्यासमोरची जुनी हवा बाजूला सारून नवा झोत पानांच्या आत शिरायला क्षणभर लागतो. तो क्षणच मिळत नाही.

नऊ फुटांच्या ओळींत एकरी साधारण १,४७५ मीटर चालावं लागतं. ताशी ३ च्या चालीने एका फेरीला अर्धा तास, वळणं वेगळी. दोन फेऱ्या धरा. चार एकरांना एकच ब्लोअर असेल तर कोणता भाग आधी घ्यायचा, हे आजच ठरवून ठेवा. फुलोऱ्यातली आणि फुलोऱ्याच्या तोंडावरची बाग आधी, पाणी उतरलेली (मणी मऊ होऊन पिकायला लागलेली) त्यानंतर, नुसत्या पानांची शेवटी.

## पायरी ४: आत केव्हा शिरायचं

पाऊस चालू असताना नाही. भुरभुर असतानाही नाही. तुम्ही ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत मागची ओळ पुन्हा भिजलेली असते. शिवाय विजा चमकत असतील तर लोखंडी तारांच्या बागेत कुणीही जाऊ नये, ट्रॅक्टर घेऊन तर नाहीच.

पाऊस पूर्ण थांबल्यावर पानांच्या टोकांकडे पाहा. पाणी आपोआप टपकत असेल तर ते टपकू द्या, ते काम फुकट होतंय. टपकणं मंदावलं, पण टोकाला थेंब लोंबकळत आहेत, ही शिरायची वेळ. मोठे थेंब आयते काठावर आलेले असतात आणि थोड्या वाऱ्याने पडतात. यापेक्षा उशीर केलात तर थेंब अर्धवट सुकून बारीक होतात, आणि बारीक थेंब वाऱ्याला दाद देत नाहीत.

घाई करायला कारणही आहे. डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू पाण्यातच मोकळे होतात, पाण्यातून पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांपर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. तापमान २० ते २५ अंश असेल तर दोन-तीन तासांचा ओलावा त्यांना पुरतो. सकाळी सहाला पाऊस थांबला आणि तुम्ही दहाला ब्लोअर काढला, तर पाणी उडवल्याचं समाधान मिळेल, लागण टळणार नाही. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाचं उलट आहे. तिला मोकळ्या पाण्याची गरज नसते, त्यामुळे भुरीसाठी ब्लोअर मारण्यात अर्थ नाही.

जमिनीचा वापसा नसेल, म्हणजे माती अजून चिखलासारखी ओली असेल, तर ट्रॅक्टर रुततो, बोद (वेलीखालचे मातीचे वरंबे) तुटतात आणि मुळं दबतात. मुठीत माती दाबून पाहा; बोटांमधून चिखल निघाला तर थांबा आणि शेवटच्या पायरीतला उपाय करा.

सावधान: पानाच्या मागे डाऊनीची पांढरी वाढ दिसत असेल तर नुसती हवा मारू नका. तीच हवा बीजाणू पुढच्या ओळींत नेते. आधी ती पानं तोडून पिशवीत भरून बागेबाहेर काढा, आणि ब्लोअर त्या कोपऱ्यात सगळ्यात शेवटी न्या.

दवाची गोष्ट वेगळी. दवाचे थेंब अगदी बारीक असतात. एक फेरी मारून ते पडत नाहीत. रात्री दोनला उठून ब्लोअर फिरवणारेही आहेत. त्यांच्या कष्टाबद्दल आदर आहे, पण निरभ्र रात्री पान उघड्या आकाशाखाली पुन्हा थंड होतं आणि अर्ध्या-पाऊण तासात दव परत धरतं. रात्रभर वारा वाहिला तर दव पडत नाही हे खरं. एका फेरीचा वारा मात्र रात्रभराचा नसतो. दवासाठी ब्लोअर काढायचाच असेल तर पहाटे उजाडताना काढा, जेव्हा बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे झालेले असतात आणि नवं दव थांबत आलेलं असतं. धुकं असेल तर ते वर उचललं जाईपर्यंत थांबा.

## पायरी ५: पहिली फेरी, फक्त पानांवर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक पहिल्याच फेरीत हवा घडावर धरतात. घड मोकळा होतो, ट्रॅक्टर पुढे जातो, आणि दोन मिनिटांनी वरच्या पानांवरचं पाणी सटासट त्याच घडावर पडतं. मांडवात, म्हणजे वेली सपाट छतासारख्या तारांवर पसरलेल्या बागेत, तर घड पानांच्या बरोबर खाली लोंबतात, तिथे हे हमखास होतं.

म्हणून पहिल्या फेरीत पट्ट्या वर वळवा. माथ्याच्या पानांतलं पाणी आधी पाडून घ्या. ते घडांवरून जाईल, जाऊ द्या, दुसऱ्या फेरीत ते काढायचंच आहे. मांडव असेल तर हवा खालून वर, किंचित मागच्या बाजूला तिरपी ठेवा. सरळ उभ्या झोताने पान उलटून वरच्या पानाला चिकटतं. तिरप्या झोताने ते फडफडतं. फडफडणं महत्त्वाचं आहे, कारण पानावरचा थेंब निम्मा वाऱ्याने सरकतो आणि निम्मा पान हिसकल्याने सुटतो. वाय पद्धतीत (आधाराचे दोन बाहू इंग्रजी Y सारखे तिरपे वर जातात) झोत दोन्ही बाहूंच्या वरच्या टोकाकडे ठेवा.

प्रत्येक ओळीतून जा. एकाआड एक ओळ घेतली की प्रत्येक वेलीला वारा एकाच बाजूने लागतो, थेंब पलीकडच्या काठावर जमतात आणि तिथेच राहतात.

तपासा: पहिल्या ओळीच्या टोकाला उतरून मागे चालत या. माथ्यावरची काडी हाताने हलवा. अंगावर सर आली तर चाल जास्त आहे. तुरळक थेंब पडले तर बरोबर.

चालवणाऱ्याच्या गळ्यात उपरणं नको, मागे चालणाऱ्या बाईमाणसाचा पदर खोचलेला हवा, पीटीओच्या दांड्यावरचं आवरण जागेवर हवं. पाऊस उघडल्याच्या घाईत नेमकं हेच राहतं.

## पायरी ६: दहा-पंधरा मिनिटं थांबा

हे थांबणं म्हणजे वेळ वाया घालवणं नाही. पहिल्या फेरीने हलवलेलं पाणी आता घडातून खाली उतरतंय. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत, मण्यावरून मण्यावर जात ते घडाच्या शेंड्याकडे जमतं. पहिल्या पायरीत खाचेत जास्तीचे थेंब घातल्यावर काय झालं ते आठवा. विखुरलेलं पाणी निघत नाही, साठलेलं निघतं. लगोलग दुसरी फेरी मारली तर तुम्ही विखुरलेल्या पाण्यालाच पुन्हा थरथरवता.

मात्र अर्ध्या तासाच्या पुढे थांबू नका. बाग अर्धा-एक एकर असेल तर आपोआपच जमतं: शेवटची ओळ संपली की पहिल्या ओळीवर या.

या वेळात जाळीवरची पानं काढा आणि पट्ट्या घडाच्या उंचीवर आणा.

## पायरी ७: दुसरी फेरी, घडांवर आणि उलट दिशेने

पहिल्या फेरीत ओळीत ज्या टोकाने शिरलात, त्याच्या विरुद्ध टोकाने शिरा. झोत ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला तिरपा असल्याने दिशा बदलली की घडाला वारा दुसऱ्या अंगाने लागतो, आणि पहिल्या वेळी आडोशाला बसलेलं पाणी समोर येतं.

चाल तीच ठेवा. एकसारख्या वाऱ्यापेक्षा धक्क्याधक्क्याने येणारा वारा थेंब लवकर सोडवतो, हे खरं आहे. पण त्यासाठी थ्रॉटल कमी-जास्त करत बसू नका, पंख्याची ताकद जाते. घड झुलतो तेवढे धक्के पुरतात.

घडाची अवस्था पाहून जोर ठरवा.

फुलोऱ्यात पूर्ण जोर नको. पंखा खालच्या गिअरला आणि झोत थेट घडावर न धरता त्याच्या जरा वर. या अवस्थेत मी ब्लोअरच्या जोडीला दोन माणसं तारा हलवायला लावतो आणि त्याचा उपयोग जास्त होतो असं माझं मत आहे. फुलाच्या टोपीला अडकलेला थेंब वाऱ्याने ढकलण्यापेक्षा हिसक्याने पटकन सुटतो. तार पकडून दोन छोटे, कोरडे झटके द्यायचे, झोके नाहीत.

मणी सेट झाल्यापासून ८-१० मिलिमीटरपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा. देठ घट्ट असतात, मणी लहान, घडात जागा. पूर्ण जोर लावा.

पाणी उतरल्यावर मणी फुगलेले, साल ताणलेली असते. साचलेलं पाणी सालीतून आणि देठाच्या बुडातून आत शोषलं जाऊन मणी तडकतात, म्हणून पाणी काढायलाच हवं. पण घड तारेवर किंवा काडीवर आपटू देऊ नका. आपटला की लव पुसली जाते, आणि लव पुसलेल्या जागी थेंब गोळा न होता पसरून चिकटतो, म्हणजे पुढच्या पावसात तोच घड आणखी पाणी धरतो. शिवाय निर्यातीच्या मालावर तो डाग ठळक दिसतो. मधला गिअर, थोडं जास्त अंतर.

घडांना कागद लावलेला असेल तर ब्लोअर चालवू नका. ओला कागद फाटतो, मण्यांना चिकटतो आणि खाली हवा जात नाही. भिजलेले कागद हाताने काढावे लागतात.

## पायरी ८: टिपकागदाने पडताळा

"पाणी उडालं" हे ट्रॅक्टरवरून ठरत नाही. घरात वापरतो तो टिश्यू कागद घ्या. बागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये, अशा पाच ठिकाणी दोन-दोन घड निवडा. कागदाची सुरळी करून घडाच्या पोटात, मधल्या दांड्यापर्यंत हलकेच सरकवा, पाच मोजा आणि काढा. सुरळी टोकाला थोडी दमट निघाली तर चालेल. बोटभर भिजली तर त्या ओळीला तिसरी फेरी लागेल. दहापैकी सात-आठ घड भिजलेले निघाले तर फेरी वाढवून उपयोग नाही. बहुधा घड गच्च आहेत किंवा झोत पोचत नाही. फितीची चाचणी पुन्हा करा.

घड बाहेरून कोरडे दिसतात आणि आत ओले असतात. पहिल्यांदा ही सुरळी काढाल तेव्हा तुम्हालाही धक्का बसेल.

## पायरी ९: फवारणी यानंतर

ओल्या पानावर फवारलेलं औषध तिथल्या पाण्यात पातळ होतं आणि थेंबाबरोबर ओघळून जातं. आधी पाणी पाडा, पानावर हात फिरवून पाहा, हात नुसता गार लागला आणि ओला झाला नाही की फवारणीला लागा. कोणतं औषध, किती आणि काढणीला किती दिवस बाकी, हे पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला आणि लेबल पाहून ठरवा. टाकीत फिरवायला ठेवलेलं पाणी औषधाच्या हिशेबात धरायला विसरू नका, नाहीतर मात्रा चुकते.

फवारणीच्या वेळी झोत पाणी झटकण्याइतका जोरात ठेवू नका. ज्या वाऱ्याने पावसाचा थेंब पडतो, त्याच वाऱ्याने औषधाचे मिसळून मोठे झालेले थेंबही पडतात.

## पायरी १०: ट्रॅक्टर शिरत नसेल तेव्हा

वापसा नसला तर हातावर हात ठेवून बसू नका. पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर असेल तर त्याची नळी घडापासून दोन-तीन फुटांवर, खालून तिरपी धरा आणि एका वेलीला आधी पानं, मग घड, असाच क्रम ठेवा. नळी अगदी जवळ नेली तर झोत एवढासा होतो आणि एकाच मण्याला झोडपतो. दूर नेली तर वेग उंबरठ्याखाली जातो. योग्य अंतर शोधायला एका घडावर नळी हळूहळू जवळ नेत थेंब कधी सुटतात ते पाहा आणि तेवढ्या लांबीची काडी नळीला बांधून ठेवा. मजुरांना हे माप तोंडी सांगून चालत नाही, काडी बांधली की चुकत नाही.

तेही नसेल तर दोन माणसं दोन ओळींच्या मध्ये चालत दोन्ही हातांनी तारा झटकत जातील. आधी वरची तार, ओळ पूर्ण झाल्यावर परत येताना घडाजवळची.